गोव्यातल्या फोंड्यात श्रावणभर घेतलेला शिवराक डबा, आणि सोबत वाचलेला पॉर्फिरी

आषाढ संपता संपता मागच्या दारच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरला आणि डाव्या हाताचं मनगट मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. घरात मी आणि सासूबाई (त्यांना मी आई म्हणते) दोघीच, नवरा बोटीवर, तो येणार दिवाळीच्या आसपास. एका हाताने नारळ खवता येत नाही, आदोळीवर (नारळ खवायच्या विळीवर) बसता येत नाही, आणि नारळ न खवता आमच्याकडे स्वयंपाक कसा होतो ते मी कधी पाहिलेलंच नाही. त्यात श्रावण तोंडावर, म्हणजे आईंना महिनाभर शिवराक (मासे-मटण नाही), कांदालसूण पण नको. शेजारच्या बाईंनी एका काकींचं सांगितलं, घरूनच डबे देतात, श्रावणात पूर्ण शिवराक. म्हणून लावला. काकींनी नाव-नंबर इंटरनेटवर घालू नको असं बजावलंय त्यामुळे तो देत नाही, फोंड्यात राहणाऱ्यांना विचारून विचारून सापडेल.

आधी व्यवहाराचं. एका माणसाचा डबा १२० रुपये, फक्त दुपारचा, रविवारी सुट्टी. स्टीलचा चार पुडांचा डबा, दोन डब्यांचं डिपॉझिट सुरुवातीलाच घेतात, एक घरी येतो तेव्हा दुसरा धुऊन परत द्यायचा. प्लास्टिक अजिबात नाही हे मला फार आवडलं. शीत (भात) उकड्या तांदळाचं, सुरय (न उकडलेल्या तांदळाचं) हवं असेल तर आदल्या रात्री सांगायचं. काकींचा पुतण्या स्कूटरवरून आणून देतो, साधारण पाऊण ते सव्वाच्या मध्ये.

जेवणाबद्दल मात्र सावकाश लिहिते कारण त्यातच सगळं आहे. पहिल्याच दिवशी नीरफणसाच्या फोडी होत्या. नीरफणस घरी आम्हीही करतो पण काकी फोडी कापतात त्या अगदी इसवणाच्या (सुरमईच्या) तुकडीसारख्या, एकसारख्या जाडीच्या, मीठ मिरची हिंग लावून मुरवलेल्या आणि वरून रवा, आणि तव्यावर कमी तेलात दोन्हीकडून इतक्या धीराने भाजलेल्या की डबा उघडेपर्यंत पाऊण तास गेला तरी कडा कुरकुरीत होत्या आणि आत मऊ. आईंनी पहिली फोड मोडली, तोंडात घातली, आणि काही न बोलता माझ्या पुडातली एक उचलून घेतली. चाळीस वर्षं सासर-माहेरचं नुस्तं (मासळी) खाल्लेली बाई आहे ती. दुसरं म्हणजे अळसांद्याचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, वाटण लावलेली रस्साभाजी, त्यात कांदा नसूनही वाटण असं भाजलेलं की रंग तपकिरी आणि वास घरभर, आणि ठेचलेली तिरफळं. तिरफळाचा तो जिभेला मुंग्या आणणारा स्वाद आपण बांगड्याच्या हुमणात (कालवणात) शोधतो, तो इथे कडधान्यात मिळाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला आजवर ज्याची चटक आहे असं वाटत होतं त्यातला निम्मा भाग बांगडा नसून तिरफळ नि सोलं (कोकम) आहेत. खतखतं (मिसळीची भाजी) दर शुक्रवारी, सुरण, कच्ची केळी, भोपळा, मक्याचे तुकडे, नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, एका सोमवारी मणगणं (चणाडाळीची खीर). तायखिळ्याची भाजी दोनदा आली, ती कडवट असते ती तशीच ठेवली होती, गूळ घालून लपवली नव्हती.

आता पॉर्फिरीचं, हा जुना ग्रीक तत्त्वज्ञ. कॉलेजला माझा तत्त्वज्ञान विषय होता, प्लेटो-अॅरिस्टॉटल नोट्सवरून पाठ केले आणि सोडून दिले. हात प्लास्टरमध्ये, बाहेर धो धो पाऊस, लाइट जाऊन येऊन, तेव्हा मोबाइलवर जुनी पुस्तकं शोधता शोधता हे हाताला लागलं. प्राण्यांचं मांस न खाण्याबद्दल ग्रीक भाषेत चार भागांत लिहिलेलं पुस्तक, मी वाचलं ते थॉमस टेलरचं १८२३ चं इंग्रजी भाषांतर, वाक्यं अर्ध्या अर्ध्या पानाची. पॉर्फिरी जन्मला इ. स. २३४ च्या सुमारास टायर शहरात, म्हणजे आजच्या लेबनॉनमध्ये, आणि रोमला प्लोटिनस या तत्त्वज्ञाचा शिष्य झाला. पुस्तक त्याने लिहिलं आपल्या एका मित्रासाठी, फर्मस कॅस्ट्रिसियस त्याचं नाव. हा मित्र आधी मांस सोडून होता आणि मग परत खायला लागला, हे पॉर्फिरीला कळलं आणि त्याने रागावून बोलणं बंद केलं नाही, चार भाग लिहून पाठवले. कोणी आपल्यासाठी एवढं करेल का असं वाटून मी वाचत राहिले.

जेवता जेवता वाचायची सवय लागली, त्यामुळे माझ्या डोक्यात काकींचा डबा आणि ग्रीक लोक एकमेकांना चिकटलेत, ते आता वेगळे करून लिहिता येणार नाहीत.

उदाहरणार्थ ऑप्सॉन. ग्रीक जेवणात धान्य हे मुख्य अन्न आणि त्याला तोंडी लावायचं ते ऑप्सॉन. प्लेटोच्या रिपब्लिकमध्ये दुसऱ्या भागात सॉक्रेटिस एक साधं नगर उभं करतो, लोक जवाच्या नि गव्हाच्या भाकऱ्या पानावर घेऊन बसतील असं सांगतो, तर ग्लॉकन लगेच अडवतो, म्हणतो यांना तू ऑप्सॉनशिवायच जेवायला घातलंस. सॉक्रेटिस म्हणतो हो विसरलोच, देऊ की, मीठ, ऑलिव्ह, चीज, कंद, पालेभाजी, अंजीर, चणे, कडधान्य. ग्लॉकनचं समाधान होत नाही, तो म्हणतो डुकरांचं नगर वसवलं असतंस तर याहून वेगळं काय घातलं असतंस. मग सॉक्रेटिस म्हणतो ठीक आहे, चैनीचं नगर बघू, आणि त्याबरोबर गुराखी येतात, डुकरं राखणारे येतात, डॉक्टर जास्त लागतात, जमीन पुरत नाही, शेजाऱ्याची घ्यावी लागते, आणि युद्ध येतं. हे मी कॉलेजात वाचलेलं, पण तेव्हा त्यातला स्वयंपाक मला दिसला नव्हता. पुढे तर ऑप्सॉन म्हटलं की मासाच असा अर्थ होत गेला, प्लुटार्क या ग्रीक लेखकाने तसं लिहून ठेवलंय, आणि मासळीवर जीव टाकणाऱ्याला अथेन्समध्ये ऑप्सोफागोस म्हणायचे. म्हणजे अगदी आपलं नुस्तं. ताटात सगळं असलं तरी “नुस्तं ना? मग जेवण कसलं” हे मी जन्मापासून ऐकतेय, ग्लॉकन फोंड्याच्या बाजारात उभा केला तर कोणाला परका वाटणार नाही. आणि मला वाटतं सॉक्रेटिस तिथे हरला तो चण्यांमुळे. नुसते चणे भाजून ठेवले तर कोण ऐकणार. त्याच्याकडे नीरफणस नव्हता, तिरफळ नव्हतं, खोबरं नव्हतं. जिभेला आधी पटलं तर डोक्याला पटवायला वाव मिळतो, हे मी या महिन्यात स्वतःवर पाहिलं.

मासळीचा प्रश्न ग्रीकांनी वेगळा काढून विचारलाय याचं मला आश्चर्य वाटलं. आपल्याकडे मासे खाणारे आपण मटणापासून स्वतःला वेगळे समजतो, मासा म्हणजे जसं काही समुद्राची भाजीच. प्लुटार्कच्या मेजवानीतल्या गप्पांमध्ये एक पूर्ण चर्चा आहे की पायथागोरसचे अनुयायी इतर प्राण्यांपेक्षा माशांनाच जास्त का टाळायचे. एक उत्तर असं की मासे मुके असतात आणि त्या लोकांना मौनाचं फार मोल. दुसरं उत्तर मला जास्त लागलं, जमिनीवरच्या प्राण्यांवर निदान पीक खाल्ल्याचा आळ घेता येतो, माशाने आपलं काय केलंय? तो त्याच्या पाण्यात, आपण आपल्या जमिनीवर. पायथागोरसने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही, गोष्टीच राहिल्यात, त्यातली एक अशी की कोळी जाळं ओढत होते तेव्हा त्याने आत किती मासे आहेत ते बिनचूक सांगितलं, मोजणी होईपर्यंत एकही मेला नाही, मग त्याने सगळ्यांची किंमत चुकती केली आणि मासे परत पाण्यात सोडायला लावले. प्लुटार्क म्हणतो की पकडल्या गेलेल्या आप्तांसाठी खंडणी भरावी तसं ते होतं. त्यात कोळ्यांचे पैसे बुडाले नाहीत हे मला महत्त्वाचं वाटतं, आमच्या इथल्या रापणकारांच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या) घरात माझ्या मैत्रिणी आहेत. आणि एम्पेडोक्लीस हा तत्त्वज्ञ, सिसिलीतल्या अॅक्रागसचा, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला, त्याच्या उरलेल्या ओळींत तो सांगतो की मी याआधी मुलगा होतो, मुलगी होतो, झुडूप, पक्षी आणि समुद्रातला मुका मासा होतो. हे आईंना मराठीत सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग हा आपल्यातलाच की गो.

आईंशी या महिन्यात खूप बोलणं झालं. मी म्हटलं आई, आपण सोमवार पाळतो, एकादशी पाळतो, श्रावण पाळतो, हे सगळं वारावर नि तिथीवर, त्यात माशाचा विचार कुठे आहे, त्याला मंगळवारी मरणं काय नि सोमवारी काय. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या पावसात मासळीच्या पोटात गाबोळी (अंडी) असते, ती आई असते, तिला धरू नये म्हणून आमचे म्हातारे सांगायचे. सरकारची ट्रॉलर बंदीपण त्याच कारणाने, १ जून ते ३१ जुलै. म्हणजे प्राण्याचा विचार आपल्या रीतीत आहे, मी तो बघितला नव्हता. फरक एवढाच की पॉर्फिरी बाराही महिने विचारत बसतो.

या पुस्तकातला मला सगळ्यात हलवून गेलेला भाग मात्र खुद्द पॉर्फिरीचा नाही, थिओफ्रास्टसचा आहे. हा अॅरिस्टॉटलच्या मागून त्याच्या शाळेचा प्रमुख झाला. अॅरिस्टॉटल पॉलिटिक्समध्ये सरळ म्हणतो की वनस्पती प्राण्यांसाठी आणि प्राणी माणसांसाठी, आणि त्याचाच वारस म्हणतो की प्राणी आपले नातलग आहेत, शरीर तशाच गोष्टींचं, भूक राग संवेदना तशाच. त्याचा मूळ ग्रंथ हरवला, पॉर्फिरीने उतारे उतरवून ठेवले म्हणून एवढं तरी हातात आलं. झाडाचं फळ घेण्यात आणि जनावराचा जीव घेण्यात त्याने केलेला भेद पण साधा आहे, फळ झाड स्वतःच टाकतं, जीव कोणी आपणहून देत नाही.

त्यातच अथेन्सच्या बुफोनियाचं वर्णन आहे, बैल मारण्याचा विधी. मेजावर पिठाचे वडे मांडायचे, बैल भोवती फिरवायचे, जो तोंड घालेल त्याला मारायचं. मुली पाणी आणतात, त्या पाण्यावर कुऱ्हाड आणि सुरी पाजवली जाते, एक जण पाजवतो, एक हातात देतो, एक घाव घालतो, एक गळा कापतो, मग सगळे मांस खातात. नंतर बैलाचं कातडं पेंढा भरून उभं करतात आणि त्याला नांगराला जुंपतात, जणू काही झालंच नाही. आणि मग खटला भरतो. पाणी आणणाऱ्या म्हणतात आमच्यापेक्षा पाजवणारे दोषी, ते म्हणतात देणारा दोषी, तो म्हणतो मारणारा, मारणारा म्हणतो सुरी. सुरीला बोलता येत नाही म्हणून खुनाचा दोष तिच्यावर, आणि तिला समुद्रात फेकतात.

हे वाचलं तेव्हा समोर खतखतं होतं आणि मी घास हातात धरून तशीच बसले. कारण मला कुर्ल्या (खेकडे) आठवल्या. बाकी मासळी आपण बाजारातून मेलेली आणतो, धरणारा कोणी, विकणारी कोणी, कापून देणारी कोणी, आपण फक्त पिशवी पुढे करतो. कुर्ल्या जिवंत आणतो. नांग्या सुतळीने बांधलेल्या, पिशवीत खुडखुड चाललेली. घरी आणून टोपात घालायच्या, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण दाबून धरायचं, आतून पत्र्यावर नखं ओढल्यासारखा आवाज येतो तो थांबेपर्यंत. ते झाकण मी लग्न झाल्यापासून पंधरा वर्षं दाबून धरलंय. आवाज ऐकू नये म्हणून रेडिओ लावायचे. सुरीवर ढकलायला तिथे कोणी नाही, हात माझा असतो. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) पण तेच, गरम पाण्यात तोंड उघडतात म्हणजे काय होतं हे मी कधी स्वतःला सांगितलं नव्हतं.

विरुद्ध बाजू पॉर्फिरी प्रामाणिकपणे मांडतो हे त्याचं मोठेपण. पहिल्या भागात एपिक्युरस या तत्त्वज्ञाचा शिष्य हर्मार्कस येतो, त्याचं म्हणणं न्याय म्हणजे एकमेकांना इजा न करण्याचा करार, प्राण्यांना करार करता येत नाही म्हणून त्यांच्याबाबत न्याय-अन्याय नाही. स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांचं म्हणणं प्राण्यांना बुद्धी नाही. त्यांचा क्रिसिपस तर असं म्हणायचा की डुकराला आत्मा दिलाय तो मिठाच्या जागी, मांस कुजू नये म्हणून. हे वाचून मला चीड आली. आम्ही पावसाळ्यासाठी बांगडे खारवतो, मीठ कशासाठी असतं ते मला माहीत आहे, जिवंत प्राण्याचा जीव आणि मिठागरातलं मीठ एकच असं म्हणणाऱ्या माणसाने डुक्कर जवळून पाहिलं नसावं. पॉर्फिरीने पाहिलं होतं, डुक्कर नाही पण तित्तिर. कार्थेजला असताना एक तित्तिर पक्षीण त्यांच्याकडे उडत आली, त्यांनी पाळली, ती त्याच्याशी बोलायची, म्हणजे तो बोलला की आवाज करायची आणि तो गप्प की तीही गप्प, आणि तो आवाज तित्तिर एकमेकांना घालतात त्या हाकेसारखा नव्हता. अशा दोन ओळी आल्या की पुढचे कठीण युक्तिवाद सोसवतात. चौथ्या भागात आपलेही लोक येतात, गंगेकाठचे ब्राह्मण आणि श्रमण, फळं नि तांदळावर राहणारे. पॉर्फिरीला हे कळलं बार्डेसानीस या सीरियन लेखकाकडून, जो रोमन बादशहाकडे निघालेल्या भारतीय वकिलातीतल्या लोकांशी बोलला होता. उकड्या तांदळाचं शीत कालवत ते वाचताना अंगावर काटा आला.

एका गोष्टीवर मात्र माझं त्याच्याशी जमलं नाही. तो पहिल्या भागातच सांगून टाकतो की हे मी सगळ्यांसाठी लिहीत नाही, हाताने काम करणारे, पैलवान, सैनिक, खलाशी यांच्यासाठी नाही, आपण कोण, कुठून आलो, कुठे जायचं याचा विचार करणाऱ्यासाठी आहे. खलाशी! नवऱ्याला व्हॉट्सअॅपवर हे पाठवलं, त्याचा रात्री फोन आला, म्हणाला बोटीवर चार चार तास वॉच असतो, समोर फक्त पाणी, मी कुठून आलो नि कुठे चाललोय याशिवाय दुसरा विचार येतच नाही. पॉर्फिरीने कुठल्या खलाशाला विचारलं नसणार. आणि तो विचार करण्याची सवड आपल्याला मिळते ती कोणी तरी रांधून देतं म्हणून. मला ती काकींनी दिली, त्या पहाटे उठून पंचवीस माणसांचा नारळ खवतात, हाताने काम करणाऱ्यांतल्याच त्या, आणि त्यांच्या डब्याशिवाय मी या पुस्तकाची दहा पानंसुद्धा वाचली नसती.

तक्रारी पण लिहिते. पावसाच्या दोन दिवशी डबा अडीचला आला, आईंना डायबिटीस आहे, फोन करून कळवायला हवं होतं, दुसऱ्यांदा मी तसं स्पष्ट सांगितल्यावर मग फोन यायला लागला. वरच्या पुडाचं झाकण सैल आहे, सोलकढी एकदा सगळ्या शितात. मुगागाठी (मोडाच्या मुगाची भाजी) आठवड्यात दोनदा यायची ते जास्त होतं. एकदा तोणाकात मीठ इतकं की उरलेलं पाणी घालून रात्री परत उकळावं लागलं. अळसांद्याबद्दल एक सांगते, पायथागोरसने शेंगेतलं एक कडधान्य वर्ज्य केलं होतं असं बहुतेक जण सांगतात, जुना ग्रीक लेखक अॅरिस्टॉक्सेनस मात्र म्हणतो की उलट ते त्याला सगळ्यात आवडायचं. काकींचं तोणाक खाल्ल्यापासून मी अॅरिस्टॉक्सेनसच्या बाजूने आहे. एकूण पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो उशिराचा आणि झाकणाचा.

चतुर्थीच्या आधी प्लास्टर निघालं. चतुर्थी झाली, विसर्जन झालं, आणि गल्लीत परत मासळीवालीची हाक यायला लागली. आईंना इसवण हवं होतं, ते मी आणलं, भाजलं, त्यांना वाढलं, त्यांच्या वयात मी त्यांचं ताट हिरावून घेणार नाही. मी स्वतः घेतलं नाही. कुर्ल्या मात्र घरात आणणार नाही असं आईंना सांगून टाकलं, त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, बरं, तुझ्या हाताला बरं वाटू दे. हात तर बरा झालेला होता, त्यांना ते माहीत होतं.

मग काकींना फोन केला की माझा एक डबा चालू ठेवा. त्या म्हणाल्या, “जेवलीस गो? अगो, चतुर्थी झाल्यावर शिवराक कोण घेणार? आता सगळ्यांना नुस्त्याचाच डबा लागतो, एकटीसाठी वेगळं वाटण कसं करू?” निदान आठ जण असले तर करेन म्हणाल्या, त्याच्याखाली परवडत नाही, गॅस आहे, नारळाचा भाव आहे. बरोबरच आहे त्यांचं. मी ऑफिसात विचारलं, शेजारी विचारलं, एक कॉलेजची मैत्रीण तयार झाली, एक निवृत्त मास्तर आहेत ते म्हणाले आठवड्यातले चार दिवस चालेल. कालपर्यंत पाच झाले. फोंडा, कवळे, बांदोडा एवढ्या पट्ट्यात डबा पोचतो. आणखी तीन हवेत.